एक गुडघा आणि सात बाटल्या

चौल, रविवार, ता. १० फेब्रुवारी १९३५

चि. दिनानाथ यास सत्यवतीआत्याचे आशीर्वाद.

मंगळवार, ता. ५ फेब्रुवारी १९३५, सकाळी दहा वाजून वीस मिनिटे. (ही वेळ धर्मा शिंप्याच्या दुकानातल्या घड्याळाची आहे. ते सहा मिनिटे पुढे असते, म्हणजे खरी वेळ दहा चौदा. पण गुन्हा त्या घड्याळाखाली घडला, म्हणून त्याचीच वेळ धरते.) त्या क्षणी रावजी पोस्टमनने धर्माच्या ओट्यावर पाय सोडून बसून, तुझ्या दवाखान्यातून माझ्या नावे आलेले पोस्टकार्ड सात माणसांसमोर मोठ्याने वाचले. कॉन्व्हेंटमध्ये आमच्या सिस्टर उर्सुला सांगत, की तक्रार लिहिताना आधी तारीख द्यावी, मग वेळ, मग वस्तुस्थिती, आणि विशेषणे अगदी शेवटी, कागदावर जागा उरली तर. त्याप्रमाणे तारीख आणि वेळ दिली आहे. विशेषणांसाठी मी आजच दोन जादा ताव आणवून ठेवले आहेत.

आता रीतीचे. तू, सूनबाई आणि बाळ खुशाल असाल. बाळाला दात येत असतील तर येऊ देत, त्यांचा फोटो काढू नकोस. इकडे मी ठणठणीत आहे. (हे वाक्य तुझ्या कार्डाच्या विरुद्ध जाते याची मला कल्पना आहे. तरीही ते मी शाई बदलून, ठळक टाकाने लिहिले आहे, पाहून घे.)

आता वस्तुस्थिती. ती बाळाच्या बारशापासून सुरू होते, कारण डिसेंबरात मी मुंबईस आले नसते तर यातले काहीच झाले नसते. तुझ्या गिरगावातल्या तिसऱ्या मजल्याचा जिना चढताना मी बोलून गेले, की अलीकडे उजवा गुडघा कुरकुरतो. एवढेच. ‘कुरकुरतो’ हा शब्द मी वापरला, तोही सूनबाईजवळ, धापा न टाकता. माझी अपेक्षा काय असणार? आमच्या वेळचे डॉक्टर असते तर म्हणाले असते, बसा बाई, पाय सरळ करा, येथे दाबल्यावर दुखते का, तेथे दुखते का. आणि मग शेकायला सांगून सुपारीचे खांड तोंडात टाकले असते. तू गुडघ्याकडे पाहिलेही नाहीस. तू माझ्याकडेसुद्धा पाहिले नाहीस. तू भिंतीवर टांगलेल्या छापील कोऱ्या यादीकडे पाहिलेस आणि म्हणालास, “आत्या, आपण एकदा सगळेच करून घेऊ.” सगळेच! जसे काही मी गाठोडे बांधून पंचक्रोशीतली सारी देवळे करायला निघाले होते.

मग तुझा तो पांढऱ्या कोटातला असिस्टंट. त्याने माझ्यासमोर सात बाटल्या ओळीने मांडल्या. चार रक्तासाठी, आणि उरलेल्या तीन कशासाठी ते मी लिहीत नाही, तुला ठाऊक आहे. (सातवीचे नाव मात्र पुढे घ्यावेच लागेल, कारण सारा अनर्थ तिने केला.) मी चौतीस वर्षे मुलींची शाळा चालवली आहे आणि कोणताही कागद वाचल्याशिवाय त्यावर सही केलेली नाही, म्हणून बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या वाचू लागले. एकीवर साखर. ठीक, म्हातारपणी विचारतात. दुसरीवर रक्तातले कण मोजणे. मोजोत बापडे. तिसरीवर मुदतीच्या तापाची तपासणी. मी म्हटले, मला ताप नाही. तो म्हणाला, “नसला तर तसं कळेल.” हे तर्कशास्त्र त्याला कोणी शिकवले ते कळव, त्या गृहस्थांना मला पत्र लिहायचे आहे. चौथीवर होते वासरमन. मी विचारले, हे गृहस्थ कोण आणि माझ्या रक्ताशी यांचा काय संबंध? तो मुलगा कानापर्यंत लाल झाला आणि म्हणाला, “ते आम्ही सगळ्यांचंच करतो, रूटीन आहे.” तो बाटल्या घेऊन आत गेल्यावर तुझ्या टेबलावरचे जाड पुस्तक मी उघडून पाहिले. इंग्रजी मला येते, हे तो विसरला असावा. दिनानाथ, माझे वय एकसष्ट. लग्न केले नाही. पुरुषमाणूस म्हणून माझ्या आयुष्यात आले ते शाळाखात्याचे इन्स्पेक्टर, तेही वर्षातून एकदा, दोन शिक्षिका आणि पाणक्या यांच्या देखत. आणि माझ्या गुडघ्यासाठी तू त्या बदफैली माणसांच्या रोगाची चौकशी केलीस! निकाल ‘नाही’ असा आला, हे तू मला मोठी बातमी असल्यासारखे जेवताना सांगितलेस. सूनबाईच्या हातून आमटी सांडली.

यावर दातांचा फोटो. का, तर गुडघ्याचे मूळ दाढेत असू शकते असे नवे मत आहे म्हणे. फोटोत दोन दाढा तुला ‘संशयास्पद’ वाटल्या. त्या दाढांनी मी कालच ओल्या नारळाची कवड फोडून खाल्ली, आणि संशय घ्यावा असे काही त्यांनी केले नाही. (तुझ्या आजोबांनाही गुडघा होता. त्यांचे सगळे दात पडून गेले तरी तो दुखतच राहिला. हा पुरावा तुझ्या पुस्तकात घालायला हरकत नाही.)

राहिली सातवी बाटली. थुंकीची. मी म्हटले, मला खोकला नाही, कफ नाही, आणि माझ्या शाळेच्या भिंतीवर ‘थुंकू नये’ अशी पाटी मी स्वहस्ते रंगवलेली आहे. असिस्टंट म्हणाला, यादीत आहे, आज नाही आली तर घरून पाठवा. आणि ती रुंद तोंडाची, माझ्या नावाची चिठ्ठी डकवलेली बाटली माझ्या पिशवीत घातली. खोकणारा माणूस पाहिजे असेल तर आमच्या कुंपणापलीकडे, कृष्णाबाईंच्या वाडीत रहाट हाकणारा बुधाजी आहे. तीन वर्षे झाली, रहाट थांबतो पण बुधाजी थांबत नाही. माझ्या मुली शुद्धलेखन लिहितात ते त्याच्या खोकल्याच्या तालावर. त्याला उबळ आली की मी वाक्य संपवते आणि मुली पूर्णविराम देतात. त्याची थुंकी शेराने मिळाली असती. पण त्याला गिरगावात पुतण्या नाही आणि माझ्याजवळ आहे, तेव्हा बाटली मला.

घरी येऊन मी ती फडताळात ठेवली आणि विसरले. तू विसरला नाहीस. पहिले स्मरणपत्र, दुसरे स्मरणपत्र, आणि तिसऱ्यात तुझ्या असिस्टंटने लिहिले की ‘आपल्या अभावी तक्ता अपूर्ण आहे’. येथे मी फसले, हे कबूल करते. सारा जन्म मी इतरांचे तक्ते पूर्ण करून घेण्यात घालवला. अपूर्ण तक्ता म्हटले की माझा हात शिवशिवतो. तेव्हा सोमवारी, ता. २१ जानेवारीस, पहाटे उठून, दार लावून, पंचवीस मिनिटे मी प्रामाणिक खटपट केली. बाहेर बायजा (माझ्याकडे वीस वर्षे आहे, तुलाही तिनेच न्हाऊ घातले आहे) दाराशी येऊन दोनदा विचारून गेली की बाय, जीव बरा हाय ना. एवढे करून बाटलीत जे पडले ते चूळ भरल्यावर ओठाला राहते तेवढे. त्यावर बूच लावून मी बाटली बायजाकडे दिली. तिने ती फडक्यात गुंडाळून सर्व्हिस मोटारीवरच्या सदाकडे पोचवली, त्याने रेवसला बोटीवर दिली, आणि मी हात धुऊन तक्ता पूर्ण झाल्याच्या आनंदात मुलींना अपूर्णांक शिकवायला बसले.

त्याचे उत्तर म्हणजे हे कार्ड. ‘आपल्या थुंकीत क्षयाचे जंतू भरपूर आढळले. संपूर्ण विश्रांती घ्यावी. रोज सहा अंडी खावीत. भांडी वेगळी ठेवावीत. लहान मुलांना जवळ येऊ देऊ नये.’ शुद्ध मराठीत, ठळक अक्षरांत, एकही काना चुकलेला नाही. इंग्रजीत लिहिले असते तर मी वाचले असते आणि मीच वाचले असते. रावजीचा नियम तुला लहानपणापासून माहीत आहे. कार्ड गावाचे, पाकीट घरचे. कार्ड उघडे आले म्हणजे पाठवणाऱ्याची हरकत नाही, असे तो धरतो, आणि धर्माच्या ओट्यावर ऐकणारे जमतात. पूर्वी निदान रावजीला एकट्यालाच वाचता येत असे. आता ते कार्ड ओट्यावर हातोहात फिरले आणि ज्याने त्याने स्वतः वाचून खात्री करून घेतली, कारण त्यांच्यापैकी तिघांना मी शाळेतून निवृत्त झाल्यापासूनच्या सहा वर्षांत लेकींकडून अक्षरओळख झाली आहे, आणि त्या लेकींना ती माझ्या ओसरीवर झाली आहे. मी गावाला वाचायला शिकवले, आणि गावाने पहिले काय वाचले तर माझा क्षय! मला कार्ड मिळाले बारा वाजता. तोपर्यंत ते वाचून वाचून मऊ झाले होते.

दुपारी कृष्णाबाई आल्या. नेहमी पायरीवर बसतात, त्या दिवशी कुंपणाच्या बेड्याबाहेर उभ्या राहिल्या, तोंडाला पदर लावून.

“बाई, मनाला लावून घेऊ नका हां, पण आमच्या पोरींना सर्दी झालीये.”

“दोघींनाही?”

“दोघींनाही. आणि त्यांच्या चुलत बहिणीला उद्यापासून व्हायचीये.”

दिनानाथ, बुधवारी सकाळी माझ्या ओसरीवर अकरापैकी एक मुलगी आली. बुधाजीची नात राही. तिला आईबाप नाहीत आणि बुधाजीला वाचता येत नाही, म्हणून तिला सर्दी झाली नाही. या अकरांतल्या चौघी यंदा फायनलच्या परीक्षेला बसणार आहेत, राही त्यांत पहिली. रहाटावरच्या माणसाच्या घरातून सातवीपर्यंत पोचलेली मुलगी या गावात कोणी पाहिलेली नाही. पास झाली तर ट्रेनिंग कॉलेजात जाईल, मास्तरीण होईल. चौघींचे अर्ज अलिबागेस सोमवार, ता. २५ पर्यंत गेले पाहिजेत आणि त्यांवर बापाच्या सह्या पाहिजेत (राहीच्या अर्जाला बुधाजीचा अंगठा चालेल). बाकी तिघींचे बाप म्हणतात, क्षयी बाईच्या हातचा कागद घरात नको. मी तो कागद चिमट्याने धरून देते म्हटले, तरी नको. तुझ्या यादीतल्या एका चौकटीत खूण करायची म्हणून तीन मुलींची वर्षे जात आहेत. हा माझा दावा आहे, बाकी सगळे त्याचे तपशील.

तपशीलही ऐक. दूधवाला चरवी कुंपणावर ठेवतो आणि आरोळी मारून पळतो. रावजी (ज्याने कार्ड पाऊण तास हातात धरले होते) आता माझी पत्रे बांबूच्या टोकाला चीर पाडून त्यात अडकवून देतो. शेजारणींकडून वाटी येणे बंद झाले. बायजाला याचे दुःख सर्वांत जास्त. कोणी सांज्याची वाटी दिली की ती रिकामी परत करायची नाही, निदान दोन आमसुले किंवा चिमूटभर साखर घालून द्यायची, हा तिचा धर्म आहे. (गेल्या वर्षी सूनबाईच्या लाडवांच्या डब्यातून सुकट परत आली ती तिनेच घातलेली. मला विचारले नव्हते.) आता वाट्याच येत नाहीत, तर भरून काय परत पाठवणार? ती दिवसभर ओट्यावर बसून दुसऱ्यांच्या घरी जाणाऱ्या वाट्या पाहते आणि उसासे टाकते. आणि सहा अंड्यांबद्दल सांगायचे तर माझ्याकडे कोंबड्या दोन आहेत. तुझे कार्ड मी त्यांना वाचून दाखवले. त्यांनी नकार दिला.

मी मात्र पडून राहणाऱ्यांतली नव्हे. गुरुवारी सकाळी मी नऊवारी खोचली, काठी घरी ठेवली आणि सगळ्या गावासमोरून दत्ताच्या डोंगराकडे निघाले. पायथ्याशी धर्माला साक्षीला घेतला. (त्याचे दुकान बंद ठेवल्याबद्दल एक जुना परकर शिवायला देण्याचे कबूल केले.) साऱ्या पायऱ्या न थांबता चढले. वर जाऊन, देवाला नमस्कार करून, एकोणतिसाचा पाढा एका श्वासात म्हटला. धर्मा चौदाव्या पायरीपासून ‘बाई, जरा दमानं’ म्हणत होता, तो वर पोचला तेव्हा मी एकोणतीस नव्वे दोनशे एकसष्टवर होते. दुसऱ्यांदा. तो खाली येऊन सर्वांना म्हणाला, क्षय कोणाला असेल तर मला. तरी कोणी ऐकेना. म्हणतात, धर्माने तोंडाने सांगितले, पण कार्डावर लिहून आले आहे. मुंबईहून आले आहे. यंत्रात पाहून आले आहे. बाई डोळ्यांसमोर डोंगर चढली ते खोटे, आणि बाटली बोटीत बसून गेली ते खरे! ही अक्कल गावाने कोठून घेतली असेल बरे? माझा गुडघा आता दुधीएवढा सुजला आहे. तो दुखतो, हे डिसेंबरात सांगितले होते.

तुझा सूक्ष्मदर्शक मी पाहिला आहे. पितळेचा आहे, जर्मन आहे, तू बाळापेक्षा त्याला जास्त पुसतोस. तो वाईट आहे असे मी म्हणत नाही. चष्म्याविरुद्ध मी कधी बोलले आहे का? पण चष्मा लावून माणूस समोरच्याकडे पाहतो. तू माझ्याकडे पाठ करून पाहिलेस. सात बाटल्या भरल्यास, दातांचा फोटो काढलास, आणि माझ्या छातीला एकदा नळी लावली नाहीस. लावली असतीस तर हे कार्ड लिहिताना तुझा हात अडखळला असता. तू सात वर्षांचा असताना येथे तापाने फणफणलास तेव्हा मी तुझ्या कपाळावर हात ठेवून बसले होते. कोठे काही पाठवले नव्हते. मागाहून कुलाबा जिल्ह्याच्या सिव्हिल सर्जनाने जे सांगितले तेच मी हाताने आधी सांगितले होते, की गोवर आहे.

तेव्हा माझ्या मागण्या. एक, ती बाटली माझी नव्हती, तुझ्या कारखान्यात अदलाबदल झाली, हे तू शोधून काढावेस. दोन, लेखी माफी. तीन, तुझी छापील यादी भिंतीवरून उतरवून तिच्या जागी ‘आधी माणूस पाहावा’ असे लिहावेस, अक्षर बरे नसेल तर पाटी मी रंगवून पाठवीन. आणि चार, उत्तर बंद पाकिटात पाठवावे. कार्ड पाठवलेस तर मी तुझे नाव टाकीन, आणि बाळाचे नाव मीच सुचवले होते तेही परत घेईन.

लोभ आहे. सध्या कुलूप लावून ठेवला आहे.

तुझी आत्या,
सत्यवती

ता. क. १. वरील पत्र लिहून झाल्यावर, माझ्या सवयीप्रमाणे, चुका तपासायला मोठ्याने वाचले. बायजा तांदूळ निवडत होती. बाटलीच्या मजकुराशी आले तेव्हा तिचे सूप थांबले. कोंबड्यांवर ती हसलीच नाही, तेव्हा मला शंका आली. मग ती रडू लागली. जे सांगितले ते तिच्याच शब्दांत देते, कारण माझ्या शब्दांत ते मला लिहवत नाही:

“बाय, बाटली उघडून पायली तं आत कायच न्हाय. तुमच्या भाच्याच्या घरची बाटली, ती तशीच रिकामी धाडायची? आपल्या घरचा रिवाज हाय का तसा? लोक काय म्हनतील, बायच्या घरात बाटलीभर थुक न्हाय? मंग मी कुंपनाकडं गेली. बुधाजी व्हता रहाटावर. म्हटलं, बुधाजी, जरा घाल. त्यानं बिचाऱ्यानं लगेच घातली. न्हाय म्हटला न्हाय.”

(तू माझा भाचा नव्हेस, भावाचा मुलगा आहेस, हे मी तिला वीस वर्षे सांगत आहे.)

तेव्हा मागणी क्रमांक एक रद्द. तुझ्या कारखान्यात अदलाबदल झाली नाही. तुझी तपासणी बरोबर निघाली. हे वाक्य मी एकदाच लिहीत आहे, जपून ठेव. बाकीचे पत्र फाडून नवे लिहावे असे क्षणभर वाटले. पण राग खरा आहे आणि दोन जादा ताव संपले आहेत, म्हणून तसेच पाठवते. शिवाय विचार कर. सात बाटल्यांतल्या सहा जिच्यासाठी भरल्यास तिला काही झालेले नव्हते, आणि ज्याला खरोखर झाले आहे त्याला तीन वर्षांत एकही बाटली मिळाली नाही. मिळाली ती बायजाने नेली म्हणून, आणि तिच्यावर नाव माझे होते. बायजाने तुझ्या यादीपेक्षा नेमका रोगी शोधला. फक्त चिठ्ठी बदलली नाही. आणि मी? मी तीन वर्षे त्या माणसाच्या खोकल्यावर पूर्णविराम देत बसले. माझे विशेषण मी स्वतःला लावून घेतले आहे, येथे लिहीत नाही.

ता. क. २. तासाभरापूर्वी वाडीत जाऊन, सुपारीच्या झाडांखाली, उघड्यावर, मी बुधाजीला सगळे सांगितले. त्याने बैल थांबवले. मग म्हणाला, “बाय, पन्नास वर्सांत मी रेवसच्या म्होरं गेलो न्हाय, अन् माझी थुकी बोटीत बसून म्हमई पाहून आली!” आणि हसला, आणि हसता हसता त्याला उबळ आली, आणि तो हातातले फडके माझ्यापासून लपवू लागला. ते लाल होते, दिनानाथ. मग हळूच म्हणाला, “कृष्णाबायला सांगू नका. रहाट गेला तं खोपही जाईल. पोरीची परीक्षा व्हऊ दे.”

राही आजपासून माझ्याकडे राहायला आली आहे. बुधाजीचे ताट, लोटा, अंथरूण वेगळे केले. तुझ्या कार्डावर होते ते सगळे केले, फक्त योग्य माणसासाठी. माझ्या कोंबड्यांनी आज दोन अंडी दिली. कोणाला द्यायची ते सांगितल्यावर दिली असावीत.

ता. क. ३. आता खरी विनंती. मागणी नव्हे. मी गावाला ‘ती थुंकी माझी नव्हे’ असे सांगितले तर पुढचा प्रश्न ‘मग कोणाची?’ असा येईल, आणि आमच्या गावाला उत्तर काढायला अर्धा दिवस पुरतो. म्हणून मी ते सांगणार नाही, तिघींची वर्षे गेली तरी सांगणार नाही. ते तू सांगायचे. वर पाकीट म्हटले आहे ते खोडले असे समज. मला कार्ड पाठव. उघडे, मराठीत, ठळक अक्षरांत: ‘आमच्या प्रयोगशाळेच्या चुकीने दुसऱ्या एका मुंबईकर रोग्याचा निकाल आपल्या नावे आला. आपल्याला कोणताही रोग नाही. क्षमा असावी.’ मुंबईकर हा शब्द विसरू नकोस. यात खोटे आहे आणि ते तुझ्या नावावर जाईल. माझ्या एकसष्ट वर्षांत मी कोणाला खोटे लिहायला सांगितलेले नाही, सिस्टर उर्सुला वरून पाहत असतील तर त्यांनी मान वळवावी. तुझी अब्रू थोडी जाईल. तू तरुण आहेस, परत मिळवशील. बुधाजीजवळ ती एकच आहे.

दुसरे पत्र पाकिटात, लाख लावून. त्यात बुधाजीसाठी खाट कोठे मिळेल, कोणत्या दिवशी आणायचे, बरोबर काय द्यायचे, ते लिही. येथे मी डोळ्यांच्या ऑपरेशनला नेते म्हणून सांगीन. कृष्णाबाईंच्या रहाटावर तोपर्यंत बायजाचा जावई बसेल, तिच्याकडून तेवढे प्रायश्चित्त मी घेतले आहे. रोग्याला मी स्वतः बोटीने घेऊन येईन, राहीलाही आणीन. राहीच्या छातीला तुझ्या हाताने नळी लावायची. असिस्टंटच्या हाताने नाही. त्यानंतर तुला वाटले की हिची बाटली भरलीच पाहिजे, तर भर. मी हरकत घेणार नाही. पण बाटली भरताना मी शेजारी उभी राहीन आणि चिठ्ठी मी लिहीन.

ता. क. ४. (सोमवार सकाळ.) गुडघ्याला बुधाजीने काल निर्गुडीचा पाला बांधायला सांगितला होता. त्याने आधी दोन्ही हातांनी दाबून पाहिले, येथे दुखते का, तेथे दुखते का, असे विचारले. सूज निम्मी आहे. (हात दोघांनीही साबणाने धुतले.)

दोन्ही उत्तरे लेखी, आणि शनिवार, ता. २३ फेब्रुवारीच्या टपालापूर्वी माझ्या हाती पडली पाहिजेत, म्हणजे रविवारी बापांच्या सह्या घेऊन सोमवारी अर्ज अलिबागेस जातील. कार्ड माझे, पाकीट बुधाजीचे. आमच्या घरून एकदा अदलाबदल झाली आहे, तुझ्या घरून होऊ देऊ नकोस.